वेदोक्त की पुराणोक्त? गुरुजींच्या एका प्रश्नामागचा इतिहास

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तिथे वाक्यं नीट केलीयत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून एकाच धर्तीचे बरेच मेसेज आले. 'हिंदू धर्माचा नेमका ग्रंथ कोणता?', 'गीता की वेद?', 'पूजेत गुरुजी जे म्हणतात ते कुठल्या पुस्तकातलं असतं?' तर आज तेच करूया. पण ग्रंथांची यादी वाचून दाखवली तर पाचव्या मिनिटाला तुम्ही दुसरं काहीतरी लावाल, हे मला माहितीय. म्हणून आपण एका छोट्या प्रश्नावरून आत शिरू. घरात वास्तुशांत, मुंज किंवा लग्न ठरलं की काही गुरुजी फोनवर विचारतात, "वेदोक्त करायचं की पुराणोक्त?" बहुतेक घरांत याचं उत्तर असतं, "गुरुजी, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

या एका प्रश्नात हिंदू ग्रंथांची अख्खी मांडणी बसलेली आहे. आणि याच प्रश्नावरून महाराष्ट्रात एका राजाने स्वतःच्या राजोपाध्यायाचं इनाम काढून घेतलंय.

आधी मांडणी समजून घेऊ

हिंदू परंपरेत ग्रंथांचे दोन मोठे थर मानतात. पहिला श्रुती, म्हणजे 'ऐकलेलं'. दुसरा स्मृती, म्हणजे 'आठवलेलं'.

श्रुती म्हणजे वेद. ऋग्वेद, यजुर्वेद, सामवेद आणि अथर्ववेद. प्रत्येक वेदाचे पुन्हा चार भाग: संहिता म्हणजे मूळ मंत्र, ब्राह्मण म्हणजे यज्ञ कसा करायचा आणि का करायचा याची चर्चा (इथे 'ब्राह्मण' हे ग्रंथाचं नाव आहे, जातीचं नाही), आरण्यक, आणि उपनिषद. ऋग्वेदाची १० मंडलं आहेत आणि १,०२८ सूक्तं. वेद कुणी लिहिले नाहीत, ऋषींना ते 'दिसले' किंवा 'ऐकू आले', अशी श्रद्धा आहे. म्हणून त्यातला एक शब्द, एक स्वरही बदलायचा नाही.

स्मृतीत बाकीचं जवळजवळ सगळं येतं. रामायण, महाभारत, १८ पुराणं, मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृतीसारखे आचाराचे ग्रंथ. आता एक गंमत बघा. भगवद्गीता ही महाभारताच्या भीष्मपर्वातली, ७०० श्लोकांची. म्हणजे आज ज्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतात असं आपण सिनेमात बघतो, तो परंपरेच्या काटेकोर हिशेबात श्रुती नाही, स्मृती आहे.

मग विधी कुठून येतात? घरातल्या विधींसाठी गृह्यसूत्रं नावाचे ग्रंथ आहेत. आश्वलायन, हिरण्यकेशी, पारस्कर, आपस्तंब ही त्यांची नावं. बारसं, मुंज, लग्न, अंत्यसंस्कार कसे करायचे, याच्या सूचना त्यात आहेत. वेगवेगळ्या वेदांच्या शाखा वेगवेगळं सूत्र पाळतात. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन लग्नांत विधींचा क्रम थोडा वेगळा दिसू शकतो, आणि दोन्हीकडचे गुरुजी बरोबर असू शकतात.

पूजा नंतरची, मंत्र आधीचे

आता आपल्या ओळखीच्या पूजेकडे येऊ. सुरुवातीला संकल्प होतो. यजमान पाणी सोडतात आणि गुरुजी एका दमात बरंच काही बोलतात. ते काय असतं? तुम्ही कुठे आहात आणि कधी आहात, याची नोंद. जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचं दक्षिण तीर, मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, नक्षत्र, आणि शेवटी गोत्र आणि नाव. मी कामाच्या ठिकाणी रोज सर्व्हरचे लॉग बघतो, त्यामुळे मला हे ऐकताना लोकेशन आणि टाइमस्टॅम्पच आठवतात. विश्वातला हा बिंदू, हा क्षण, आणि हा माणूस हे काम करतोय.

मग येते षोडशोपचार पूजा, म्हणजे १६ उपचार. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, नमस्कार, प्रदक्षिणा, मंत्रपुष्प. नीट बघितलं तर हा घरी आलेल्या पाहुण्याचाच मान आहे. या, बसा, पाय धुवा, पाणी घ्या, जेवा.

ऋग्वेदात पुरुषसूक्त नावाचं एक सूक्त आहे, दहाव्या मंडलातलं नव्वदावं. त्यात १६ ऋचा आहेत. १६ उपचार, १६ ऋचा. एकेका उपचाराला एकेक ऋचा म्हणायची. ही झाली वेदोक्त पूजा. हेच १६ उपचार करायचे, पण ऋचांच्या जागी नंतरच्या काळातले संस्कृत श्लोक म्हणायचे, ही झाली पुराणोक्त पूजा. देव तोच, फुलं तीच, नैवेद्य तोच. फरक फक्त ओठांवरच्या शब्दांचा.

यात इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. वेदांमधला मुख्य विधी म्हणजे यज्ञ, अग्नीत आहुती देणं. मूर्तीला आंघोळ घालून, गंध लावून नैवेद्य दाखवण्याची पूजा ही नंतर रुळलेली पद्धत. म्हणजे वेदोक्त पूजेत सुद्धा विधी नंतरचा आणि मंत्र आधीचे, अशी जोडणी आहे. 'हे अनादी काळापासून असंच चालत आलंय' असं कुणी म्हणालं, की हे लक्षात ठेवा. धर्म बदलत आलाय, आणि जुन्याशी जोडून घेत बदलत आलाय.

मग दोन पद्धती का?

इथून प्रकरण अवघड होतं.

वेद शेकडो वर्षं लिहून ठेवले गेले नाहीत, पाठ केले गेले. आणि चूक होऊ नये म्हणून पाठांतराच्या भन्नाट पद्धती निघाल्या. पदपाठात प्रत्येक शब्द सुटा म्हणायचा. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या. जटापाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन. आणि घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, असं करत पुढे जायचं. माझ्यासारख्याला यात सरळ चेकसम दिसतो. कुठे एक अक्षर घसरलं तर पुढच्या फेरीत लगेच पकडलं जाणार. २००३ साली युनेस्कोने वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीच्या मौखिक वारशाची उत्कृष्ट कृती म्हणून गौरवलं, ते उगीच नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचीही २००७ साली युनेस्कोच्या जागतिक नोंदवहीत नोंद झाली.

पण ही यंत्रणा चालवायला लहानपणापासून वर्षानुवर्षं पाठशाळेत बसणारी माणसं लागतात. ती कुणी असायची, हे धर्मशास्त्राने ठरवून टाकलं. उपनयन, म्हणजे मुंज झाली तरच वेद शिकायचा. मुंज फक्त ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य या तीन वर्णांतल्या मुलग्यांची. शूद्र ठरवलेल्यांना आणि स्त्रियांना वेद नाही. अतिशूद्र म्हणून गावाबाहेर ठेवलेल्यांची तर गोष्टच सोडा. गौतमधर्मसूत्रात तर शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेला धातू किंवा लाख ओतावी, असं वाक्य आहे. आपल्या ग्रंथांची ओळख करून घ्यायची, तर ही पानं वगळून चालणार नाही.

मग एवढ्या मोठ्या समाजाचं काय? त्यांच्यासाठी पुराणं आणि महाभारत. भागवतपुराणात हे जवळजवळ स्पष्टच सांगितलंय: स्त्रिया आणि शूद्रांच्या कानी वेद पडू शकत नाही, म्हणून व्यासांनी दयेने भारत रचलं. म्हणजे पुराणं ही सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली शाळा होती, आणि त्यांनी खरंच लोकांना खूप काही दिलं. गोष्टी, व्रतं, तीर्थं, सण, सगळं तिथून आलं. पण त्याच वेळी 'तुला हे चालेल, ते नाही' ही पाटीही होती. पुराणोक्त पूजा म्हणजे काय, तर पूजा करायची परवानगी आहे, वेदाची नाही.

आता थोडं घरचं सांगतो. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले, शेती करणारे. माझे आजोबा म्हणायचे, "आपल्यात भटजी श्लोक म्हणत्यात, वेद न्हाईत." त्यांना कारण माहीत होतं, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. बाबांच्या पिढीत ते कारण मागे पडलं. बाबा म्हणतात, पुराणोक्त बरं, लवकर आटपतं. आणि माझी गोष्ट म्हणजे, वाकडच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गुरुजींनी विचारलं तोपर्यंत मला हा शब्दच ठाऊक नव्हता. गोत्र विचारलं, ते सांगता आलं नाही, तर "काश्यप धरू" म्हणाले. गोत्र माहीत नसलेल्यांसाठी ती जुनी सोय आहे. तीन पिढ्यांत एक अपमान आधी सवय झाला आणि मग सोय झाला. म्हणून मला हा इतिहास सांगावासा वाटला.

रायगड, १६७४

या दाराला धडका मारणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव कुणाचं असेल? शिवाजी महाराजांचं.

महाराजांना राज्याभिषेक करायचा होता, तोही वैदिक मंत्रांनी. अडचण अशी मांडली गेली की कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, फक्त ब्राह्मण आणि शूद्र आहेत. आणि महाराजांची मुंजही झालेली नव्हती. मग काशीहून गागाभट्ट आले. हे घराणं मूळचं पैठणचं, काशीला जाऊन स्थायिक झालेलं. भोसले कुळाचा संबंध सिसोदिया राजपुतांशी जोडला गेला. राज्याभिषेकाच्या काही दिवस आधी महाराजांची मुंज झाली, राण्यांशी पुन्हा विधिपूर्वक विवाह झाले, आणि ६ जून १६७४ ला रायगडावर अभिषेक झाला. विचार करा. स्वतःच्या तलवारीवर राज्य उभं केलेल्या माणसाला वयाच्या चाळिशीत मुंज करून घ्यावी लागली.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला महाराजांनी निश्चलपुरी गोसावी यांच्याकडून दुसरा अभिषेक करून घेतला. तो तांत्रिक पद्धतीचा. म्हणजे विधींचं जग वेदोक्त आणि पुराणोक्त या दोनच कप्प्यांचं नव्हतं. तंत्रपरंपरेचे स्वतःचे ग्रंथ होते, स्वतःचे मंत्र होते, आणि त्यांनाही राजदरबारी वजन होतं.

पंचगंगेचा घाट, १८९९

सव्वादोनशे वर्षांनी, कोल्हापूर. गादीवर राजर्षी शाहू महाराज. वय अवघं पंचवीस, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचे. कार्तिक महिना, पहाटेचं पंचगंगेचं स्नान. सोबत मुंबईचे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत. चरित्रकार सांगतात की शास्त्रीबुवांच्या लक्षात आलं, स्नानाच्या वेळी भटजी म्हणतायत ते मंत्र वेदोक्त नाहीत, पुराणोक्त आहेत. विचारणा झाली. उत्तर मिळालं की महाराज शूद्र, त्यांना वेदोक्त नाही. आणि पुराणोक्त सांगायला भटजींना स्वतः आंघोळ करून येण्याचीही गरज नाही.

शिवछत्रपतींच्या गादीवरच्या राजाला, त्याच्याच राज्यात, त्याच्याच पगारी पुरोहिताने हे सांगितलं.

महाराजांनी राजवाड्यातले विधी वेदोक्त पद्धतीने करा, अशी आज्ञा केली. राजोपाध्यायांनी नकार दिला. प्रकरण वाढत गेलं आणि १९०२ साली महाराजांनी त्यांचं इनाम काढून घेतलं. राजोपाध्यायांनी ब्रिटिश सरकारकडे दाद मागितली, ती पार व्हाइसरॉयपर्यंत गेली आणि फेटाळली गेली. दरम्यान अख्खा महाराष्ट्र दोन बाजूंना उभा राहिला. लोकमान्य टिळकांनी १९०१ साली 'केसरी'त अग्रलेख लिहिले. वेदोक्त मिळवून मराठ्यांना वेगळं काही मिळणार नाही असा त्यांचा सूर होता, आणि इनाम काढून घेण्याला त्यांचा विरोध होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी मात्र हे आधीच, १८९६ साली, आपल्या वाड्यात सुरू केलेलं होतं.

यावर कुणी म्हणेल, 'एवढं काय त्यात? श्लोक काय आणि ऋचा काय, देवाला दोन्ही पोचतंच की.' पण प्रश्न देवाला काय पोचतं हा नव्हता. माणसाची पायरी कोणती, हे रोज पहाटे मंत्राच्या निवडीतून त्याला ऐकवलं जात होतं. आणि विधीत ठरलेली पायरी विधीपुरती राहत नाही. ती शाळेत येते, पंगतीत येते, नोकरीत येते. शाहू महाराजांना हे नेमकं कळलं होतं, असं मला वाटतं. कारण ज्या १९०२ साली त्यांनी ते इनाम काढलं, त्याच वर्षी २६ जुलैला त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. पुढे १९२० साली त्यांनी कोल्हापुरात मराठा पुरोहित घडवण्यासाठी वैदिक शाळाही काढली.

दारापुढच्या चार वाटा

आता जरा मागे सरकून बघूया. बंद दारासमोर महाराष्ट्रातल्या लोकांनी काय काय केलं? मला चार वाटा दिसतात.

पहिली संतांची. दार उघडत नाही ना, मग आतलं सगळं बाहेर आणू, आपल्या भाषेत. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेच्या ७०० श्लोकांवर जवळपास ९,००० ओव्यांची ज्ञानेश्वरी सांगितली. ही तीच भावंडं, ज्यांना संन्याशाची पोरं म्हणून मुंज नाकारली होती. पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची कथा आपण लहानपणी चमत्कार म्हणून ऐकतो. एकदा पुन्हा ऐका. वेद कुणाच्या तोंडून यावा, हाच तिचा विषय आहे. पुढे एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, ती १५७३ साली काशीत पूर्ण झाली. पण या वाटेलाही मर्यादा होती. चोखोबांचे अभंग वारकऱ्यांच्या ओठांवर होते, आणि चोखोबा देवळाबाहेर.

दुसरी वाट जोतीराव फुल्यांची. दारच नको, दारावरचा माणूसही नको. २४ सप्टेंबर १८७३ ला त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताशिवाय सत्यशोधक विवाह लागला. फुल्यांनी लग्नासाठी मराठी मंगलाष्टकं लिहिली, ज्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, एकमेकांना वचन देतात. नवरा-नवरीला कळेल अशा भाषेतलं लग्न. साधी गोष्ट वाटते, पण त्या काळात ती उलथापालथ होती.

तिसरी वाट शाहू महाराजांची. जे तुम्हाला, तेच आम्हाला.

चौथी वाट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. कारण शाहूंचा लढा जिंकला तरी क्षत्रियत्वाचा दावा करणाऱ्यांनाच त्याचा उपयोग. ज्यांना वर्णव्यवस्थेने बाहेरच ठेवलं होतं, त्यांचं काय? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. हिंदू ग्रंथांच्या इतिहासात हेही एक पान आहे. दार इतकी वर्षं बंद राहिलं, तर माणसं वाट बघत थांबत नाहीत.

या चार वाटांतली एक खरी आणि बाकीच्या खोट्या, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घराची वाट यांपैकी एखादी असेल, कदाचित दोन असतील.

छापखाना आणि स्त्रिया

आणखी दोन गोष्टींनी हे दार हलवलं, तेही फार आवाज न करता.

एक, छपाई. मॅक्स म्युलरने सायणभाष्यासह ऋग्वेद सहा खंडांत छापला, १८४९ ते १८७४ या काळात. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आणि सुबक आवृत्त्या काढल्या. मूळच्या सावंतवाडीकडच्या पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी औंधला स्वाध्याय मंडळ काढून वेदांच्या संहिता छापल्या आणि त्यांचे अर्थ लोकांपर्यंत नेले. एकदा पुस्तक दुकानात आलं, की विकत घेणाऱ्याची मुंज झालीय का, हे कोण विचारणार? आज तर तुम्ही हे वाचताय त्याच मोबाइलवर, दुसऱ्या टॅबमध्ये, चारही वेद उघडतात. जे ऐकण्याला शिक्षा सांगितली होती, ते आता फुकट डाउनलोड होतं.

दोन, स्त्रिया. ऋग्वेदात घोषा, अपाला, लोपामुद्रा यांच्या नावावर सूक्तं आणि ऋचा आहेत. उपनिषदांत गार्गी याज्ञवल्क्यांना भर सभेत प्रश्न विचारते. म्हणजे बाईचा आवाज वेदांच्या आत होता आणि नंतर त्याच बाईला वेदांच्या बाहेर ठेवलं गेलं. १९७० च्या दशकात पुण्यात शंकरराव थत्ते, म्हणजे थत्ते मामा, यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. ज्ञान प्रबोधिनीनेही स्त्रियांना आणि सर्व जातींच्या लोकांना पौरोहित्याचं शिक्षण दिलं, आणि पोथ्या मराठी अर्थासह तयार केल्या. आज पुण्यात लग्नाला बाई गुरुजी आल्या तर कुणी फोटो काढायला धावत नाही. नऊवारी नाहीतर साध्या साडीत त्या बसतात, मंत्र म्हणतात, मध्येच थांबून अर्थ सांगतात. आणि दोन्हीकडची मंडळी, जी एरवी जेवणाची वाट बघत गप्पा मारत असतात, ती ऐकायला लागतात.

देवळांतही हळूहळू हे आलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ ला साने गुरुजी उपोषणाला बसले, आणि ते दार उघडलं. बडवे-उत्पातांचे तिथले वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निकालाने संपले.

मग आपण काय करायचं?

तुमच्यापैकी अनेकांची लग्नं ठरतायत, काहींच्या नव्या घरांच्या पूजा आहेत. कायद्याचं म्हणाल, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ फक्त एवढंच म्हणतं की वधू किंवा वर यांपैकी कुणाच्याही रूढ विधीने लग्न लागू शकतं. ज्या रूढीत सप्तपदी आहे, तिथे सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. वेदोक्त की पुराणोक्त, हे कायदा विचारत नाही. म्हणजे निवड तुमची आहे.

मी तुम्हाला हे करा, ते करू नका, असं सांगणार नाही. फक्त एक करा. पुढच्या वेळी गुरुजींनी तो प्रश्न विचारला, तर 'तुम्हाला योग्य वाटेल ते' म्हणून फोन ठेवू नका. विचारा, "गुरुजी, आमच्याकडे कोणते मंत्र म्हणणार? का? अर्थ सांगाल?" चांगले गुरुजी आनंदाने सांगतात, हा माझा अनुभव आहे. पुरुषसूक्ताची बारावी ऋचा, जी दीप दाखवताना म्हणतात, तिचा अर्थही विचारा. विराट पुरुषाच्या मुखापासून पायांपर्यंत चार वर्णांची कल्पना मांडणारी तीच ती ऋचा. ज्या सूक्ताचा आधार घेऊन माणसांच्या पायऱ्या लावल्या गेल्या, त्याच सूक्तासाठी खालच्या पायरीवरची माणसं भांडली. हा पेच मला अजून पूर्ण सुटलेला नाही. तुमचं मत कमेंटमध्ये लिहा.

आणि जाता जाता एक गोष्ट. गणपतीत आरती झाली की आपण सगळे हात जोडून, फुलं मुठीत धरून मंत्रपुष्पांजली म्हणतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चाळीत, मंडळाच्या मांडवात. शब्द थोडे चुकतात, सूर तर हमखास चुकतो. ती काय आहे माहितीय? तिची सुरुवातच पुरुषसूक्ताच्या शेवटच्या, सोळाव्या ऋचेने होते. पुढचा भाग तैत्तिरीय आरण्यकातला. आणि त्यानंतरचं जे साम्राज्याचं वर्णन येतं, ते ऋग्वेदाच्या ऐतरेय ब्राह्मणातल्या राज्याभिषेकाच्या प्रकरणातलं आहे. सगळी श्रुती. शुद्ध वेदोक्त.

ज्या मंत्रांसाठी रायगडावर काशीहून पंडित आणावा लागला आणि कोल्हापुरात राजाला लढावं लागलं, त्यांतलेच मंत्र आज मांडवातली सात वर्षांची पोरगी सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणते. तिच्या आडनावावरून तिला कुणी थांबवत नाही. यंदा म्हणाल तेव्हा जरा लक्ष देऊन म्हणा.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत हा एपिसोड घरातल्या आजी-आजोबांना ऐकवा, आणि तुमच्याकडे कोणते मंत्र म्हणायचे, हे त्यांना विचारून घ्या.